माय नाई, काकू म्हणजो

मैना आमच्या घरी आली तेव्हा दहा-बारा दिवसांची होती आणि मायच्या अंगावर दूध होतं, एवढंच त्यातलं कारण. तिची आई कापसाच्या जिनिंगवर सरकीच्या ढिगावर कामाला होती, छत्तीसगडकडून आलेली, बाळंतपणानंतर ताप चढला तो उतरलाच नाही. तिचा माणूस मयत करून गेला तो परत फिरकला नाही. माझा धाकटा भाऊ दिप्या तेव्हा पाच महिन्यांचा होता. माय गेली, ते कापडात गुंडाळलेलं घेऊन आली आणि चुलीपाशी पाय पसरून बसली. एका बाजूला दिप्या, एका बाजूला ती. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "दोन झाले का वो एकदम?" माय म्हणाली, "पिऊ द्या आधी. मंग मोजा." मी तेव्हा अकराची होते. मला आठवतं ते एवढंच की त्या दिवशी मायनं मला वाढलं नाही, माझं मी घेतलं, आणि आंबाडीची भाजी खाली लागलेली होती.

आमची खोली पुलगावात, जिनिंगच्या मागच्या भिंतीला टेकून. दिवाळीपासून चैत्रापर्यंत भिंत थरथरायची, भांडी फळीवर आपोआप सरकायची, माय रोज सकाळी ती मागं ढकलायची. त्यात मिलचा भोंगा, आणि मालगाडी गेली की बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबायचा आणि गाडी गेल्यावर तिथूनच पुढं बोलायचा. बाहेरचं कोणी आलं तर त्याला वाटायचं, या घरची माणसं विसरभोळी आहेत. रुईचे तंतू भाकरीवर बसायचे, केसात बसायचे. सरकीचा तेलकट वास मला अजून येतो. इथं बडोद्याला मी ज्या मेसमध्ये तीस वर्षं पोळ्या लाटते आहे तिथं कधी सरकीचं तेल येत नाही, तरी येतो. मेसच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंनी मला वह्या आणून दिल्या, शुद्धलेखन तपासते म्हणाल्या. सातवीत शाळा सुटलेल्या बाईवर एवढा वेळ कोण घालवतं. त्यांच्या उपकारात राहून मी हे लिहिते आहे आणि लिहिताना भीती वाटते की मायला कोणी हे वाचून दाखवील.

त्या घरात माझी एक जागा होती, मायच्या उजव्या अंगाला. दिप्या झाला तो डाव्या बाजूला गेला, माझी जागा राहिली. मैना आली आणि उजवी बाजू तिची झाली. मी पायथ्याशी गेले. दिप्याचा मला कधी राग आला नाही, तो आमचा होता. ही कोणाची होती? मायला डिंक-खारकेचे दोन लाडू रोज लागायचे, दोन लेकरांना पाजायचं म्हणून, त्यातला अर्धा पूर्वी माझा असायचा. आता माय लाडू खाताना भिंतीकडं तोंड करायची. लपवायला नाही, मी मागू नये म्हणून. मला ते लपवण्यापेक्षा वाईट वाटायचं. मैना काळी, मोठ्या डोळ्यांची, कोणाकडंही पाहून हसायची. माझ्याकडं पाहून सगळ्यात जास्त हसायची, आणि मी तिला चिमटा काढायची. जोरात नाही. डाग पडणार नाही इतका.

वर्ष उलटलं तशी दवाखान्यातली नर्स मायला म्हणाली की असं कोणाचं लेकरू ठेवता येत नाही, कागद करून घ्या, नाहीतर कोणी घेऊन जाईल. जिल्ह्याच्या गावी अशा मुलांची एक संस्था होती, तिचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्याकडून चौकशी व्हायची आणि मग कोर्टात दत्तकाचा अर्ज जायचा. माय आणि बाबा तहसिलीसमोर बसणाऱ्या अर्जनवीस वामनकाकांकडं गेले, मला दिप्याला सांभाळायला सोबत नेलं. वामनकाकांनी सगळं ऐकलं, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडं बोट केलं. "हे तुमची?" माय म्हणाली, "हाव." "मंग नाई जमत. एक पोरगी असली का दुसरी पोरगी दत्तक घेता येत नाई. कायदा हाय." तेव्हाच्या हिंदू दत्तक कायद्यात खरंच तसं होतं. आता दुसऱ्या कायद्यानं घेता येते म्हणतात. मला तेव्हा एवढंच समजलं की सरकारनं माझ्या बाजूनं काहीतरी लिहून ठेवलं आहे. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या असण्यानं मैनाचं काही अडत होतं. मी दिप्याला कडेवर घेऊन उभी होते आणि मला हसू येत होतं. मग मायनं वळून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही पाहिलं. दारात मधोमध ठेवलेल्या पोत्याकडं माणूस पाहतो, आता हे कुठं सरकवावं म्हणून, तसं पाहिलं.

त्याच महिन्यात कळलं की मैनाला मागणारे आम्ही एकटे नाही. जिनिंगच्या शेठाणीनं दसऱ्याच्या पूजेत तिला पाहिलं होतं, मायच्या कडेवर, गळ्यात झेंडूचं फूल घालून बसलेली. शेठाणीची एकुलती एक रेखाताई लग्न होऊन नागपूरला गेली होती आणि एवढं दोन मजली घर रिकामं झालं होतं. शेठाणीला ही पोरगी हवीशी वाटली. शेठला काही हवंसं वाटलं की ते अर्धं झालेलंच असायचं. बाबा घाबरून पुन्हा वामनकाकांकडं गेले. म्हणाले, "पण शेठले बी पोरगी हाय ना. तिच्या लग्नात अख्खं पुलगाव जेवलं. मीच बुंदीच्या पराती उचलल्या." वामनकाका म्हणाले, "जेवलं असन. कागदावर रेखा शेठच्या भावाची हाय. मीच करून राह्यलो तो कागद, भावाची सही झाली, शिक्का झाला." बाबा उठायला लागले. मग वामनकाकांनाच दया आली असावी. ते म्हणाले, "तुम्ही बी तसंच करा. तुमचा मोठा भाऊ कारंज्याले हाय ना? पोरगी त्याची सांगा, शिकाले तुमच्याकडं राह्यते म्हना. संस्थेची बाई घरी येऊन तोंडी विचारते, दाखले कोण पाह्यते तुमचे. पोरीले तेवढं शिकवून ठेवजा."

कारंज्याचे मोठेबाबा हायवेवरच्या एका ढाब्यावर भट्टीपाशी काम करायचे. ते माझे बाप झाले, माझे बाबा माझे काका झाले आणि माय काकू. चार दिवस आमच्या घरी हीच शाळा भरली. माय भाकर थापता थापता विचारायची, "मी कोण?" मी म्हणायची, "काकू." "आन् माय कुठं?" "कारंज्याले." बाबांना यात मजाच वाटायला लागली. कामावरून आले की दारातूनच म्हणायचे, "काय वो पोरी, तुह्या काकूनं भाजी काय केली?" आणि माय हसायची. माय हसली की मला आणखी राग यायचा, कारण मैना आल्यापासून ती एवढी मोकळी हसली नव्हती. चुकून एकदा मी पाणी मागताना "माय" म्हणाले तर तिनं पाणी दिलंच नाही. म्हणाली, "माय नाई, काकू म्हणजो. चारच दिवस हाय वो बाई. मंग जन्मभर माय म्हण." मी म्हणाले, "आन् हे काय म्हणन?" मैना तेव्हा नुकती बोलायला लागली होती. मायनं मैनाचं तोंड पदरानं पुसलं. तिच्या मांडीवर बसून मैनाच म्हणाली, "माय." मला वाटलं, मुद्दाम म्हणाली.

संस्थेच्या बाई आल्या त्या आधी शेठकडं गेल्या. जीप त्यांना घ्यायला स्टेशनवर गेली होती, हे आम्हाला दुपारीच कळलं. दोन तास त्या तिथं होत्या. जिनिंगच्या फाटकातून आमच्या खोलीकडं चालत आल्या तेव्हा नाकाला रुमाल लावलेला होता, सरकीच्या धुळीचा त्रास होत असावा. पातळ अंगाच्या, स्वच्छ बोलणाऱ्या. मायनं तर्री घालून पोहे केले होते, शेजारून कपबश्या आणल्या होत्या, खोली शेणानं सारवली होती. बाईंनी पोह्यांना हात लावला नाही, "जेवण झालंय" म्हणाल्या. मायला विचारलं, मिळकत किती, खोल्या किती, लेकरू आजारी पडलं तर कुठं नेता. माय एकेक उत्तर द्यायची आणि माझ्याकडं चोरून पाहायची. मग बाई माझ्याकडं वळल्या. नाव विचारलं, सांगितलं. शाळा, सांगितली. आई-वडील कुठं, तर कारंज्याले. सगळं बरोबर. बाबांनी तिकडं श्वास सोडला तो मला ऐकू आला. तेवढ्यात मैना दुडदुडत आली, मायच्या पदराखाली शिरली आणि मायनं, बाईंशी बोलता बोलताच, सवयीनं तिला जवळ ओढून घेतलं. बाई मला म्हणाल्या, "काकू तुला नीट वागवते ना बाळ?"

मी चार दिवस तो शब्द स्वतः म्हणत होते तेव्हा तो खेळ होता. परक्या माणसाच्या तोंडून ऐकला आणि तो खरा झाला. मी म्हणाले, "हे काकू नाई. हे माही माय हाय. मैनाची नाई, माही."

बाईंनी मायकडं पाहिलं. मायनं खाली पाहिलं. भिंतीपलीकडं जिन चालू होतं, सगळं थरथरत होतं. बाईंनी वही उघडली आणि अर्धं पान लिहिलं, न थांबता. लिहून झाल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला, पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून दिली, म्हणाल्या, "खरं बोललीस. शाबास." मायच्या तोंडून एवढंच आलं, "पोहे घ्या ना बाई. थंडे होऊन राह्यले." ती मला त्या दिवशी रागावली नाही, मारलं नाही. बाबांनी ते पोहे खाल्ले, सगळ्या बश्यांमधले, एकेक करून.

मैनाला आधी संस्थेत नेलं आणि दीड-दोन महिन्यांनी शेठच्या घरी. नाव ठेवलं स्वरूपा. जिनिंगवरच्या सगळ्यांना पेढे वाटले. रेखाताई नागपूरहून नवऱ्यासोबत आल्या होत्या आणि कागदावरच्या चुलत बहिणीला मांडीवर घेऊन त्यांनी फोटो काढला. पुलगावातला एकही माणूस काही म्हणाला नाही, म्हणण्यासारखं काही आहे असंही कोणाला वाटलं नाही. मी तो पेढा खाल्ला. चांगला होता.

मला वाटलं होतं आता उजवी बाजू माझी. ती मिळाली, दोन-अडीच महिने. मैना शेठच्या घरी बाटली तोंडाला लावू देईना, रडून रडून बेंबी बाहेर आली, तेव्हा शेठाणीनं गाडी पाठवून मायला बोलावलं. माय गेली ती तिथंच कामाला लागली. सकाळी सहाला जायची, दिवे लागले की यायची. दिप्याला कोण पाहणार, बाबांचा डबा कोण करणार? सातवीचा निकाल लागला, मी पास झाले, आणि शाळा सुटली. शाळा सोड असं मला कोणी म्हणालं नाही. एका सकाळी मायनं पिठाचा डबा माझ्याकडं सरकवला, एवढंच. माझ्या पहिल्या भाकरी फाटक्या झाल्या. बाबा म्हणाले, "चालते, पोटात जाऊन फाटाच लागते." आणि त्या वेळी माय तिकडं मैनाला तुपातला शिरा भरवत असायची. घरी आली की तिच्या पदराला पावडरीचा वास यायचा, गुलाबी डब्यातली पावडर, विकतची. मला तो वास आवडायचा आणि मी तिच्या जवळ जायची नाही. मैनाला लाल बूट होते, चालताना वाजणारे. मैनाला झोपाळा होता. हे सगळं मला मायच सांगायची, रोज, भाजी निवडता निवडता, जणू माझ्याच बहिणीची कौतुकं मला सांगते आहे. मी सगळं नीट ऐकायची, एकही गोष्ट विसरायची नाही. हेव्याइतकी चांगली आठवण दुसऱ्या कशालाच नसते, हे मला आता या वयात कळतं.

तीनेक वर्षं अशी गेली. मग रेखाताईंना मुलगा झाला आणि शेठाणीचं मन तिकडं गेलं. मैना साडेचार वर्षांची असेल. दिवसभर मायच्या मागं मागं, आणि पाहुण्यांसमोर मायला "माय" म्हणायची. शेठाणीला म्हणायची "मम्मी", शिकवलेलं. एका वैशाखातल्या दुपारी, व्याही आले होते, त्यांच्यासमोर मैना पडली आणि रडत मायकडं धावली, "माय, माय" करत. व्याही गेल्यावर शेठाणीनं तिला गच्चीवर अनवाणी उभं केलं आणि जिन्याचं दार लावलं. माय खाली दार वाजवत राहिली. उघडलं तोवर तळव्यांना फोड आले होते. तुम्ही वर्ध्याकडचं ऊन पाहिलं नसेल तर गच्ची म्हणजे काय हे कळणार नाही, तिथं वाळवणाचे पापड अर्ध्या तासात वाजायला लागतात.

माय घरी आली, कोरफड शोधायला लागली, कापून पदरात बांधली, आणि मग खाली बसून मला सगळं सांगितलं. मला आधी काय टोचलं ते मी लिहिते, कारण न लिहिलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला फोड टोचले नाहीत. ती अजून मायला माय म्हणते, ते टोचलं.

माय म्हणाली, "दुसऱ्यांदा झालं हे. त्या संस्थेवाल्या बाईले सांगाले पाह्यजे. लेकरू दिल्यावर पाह्याले येतो म्हणत होते, एक बी दिवस कोणी आलं नाई." मी म्हणाले, "मंग सांग ना." ती म्हणाली, "माह्यं कोण ऐकन? तिथं मी खोटं बोलणारी म्हणून लिहून हाय. तू सांग. तुले शाबास म्हणलं होतं त्यायनं. तुह्यं ऐकतीन."

तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. पॅसेंजरनं आम्ही वर्ध्याला गेलो, दिप्याला शेजाऱ्यांकडं ठेवून. संस्थेच्या ऑफिसात त्याच बाई होत्या, केस थोडे पांढरे. मला ओळखलं, बसवलं, पाणी दिलं. खोलीत मोठा कूलर सुरू होता आणि त्याच्या पत्र्यावर लाल अक्षरात शेठच्या वडिलांचं नाव होतं, "यांच्या स्मरणार्थ". मी सगळं सांगितलं. गच्ची, दार, फोड, कितीदा झालं. घाबरत सांगितलं पण क्रमानं सांगितलं. बाईंनी पेन हातात धरलं होतं, टोपण काढलं नव्हतं. माझं संपल्यावर त्या कितीतरी वेळ कूलरकडं पाहत राहिल्या. वाईट बाई नव्हत्या त्या, मला आजही तसं वाटत नाही. मग हळूच म्हणाल्या, "तू स्वतः पाहिलंस?" मी म्हणाले, "मायनं पाह्यलं." त्यांनी मान हलवली. "मोठं घर आहे, शिस्त असते. उन्हात खेळली असेल." खुर्ची थोडी पुढं ओढून विचारलं, "खरं सांग हं. तुझी आई दिवसभर तिच्याजवळ असते. तुला तिचा हेवा वाटतो ना?"

माय माझ्याकडं पाहत होती. या वेळी तिनं मला काहीच शिकवून आणलं नव्हतं. मी म्हणाले, "वाटते. लय वाटते. पण पाय तिचे भाजले, माहे नाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं, बघते मी," म्हणाल्या, आणि आम्हाला चहा मागवला.

आम्ही पुलगावला उतरलो त्याच्या आधी शेठकडं फोन पोचला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठच्या वॉचमननं मायला फाटकावरूनच परत पाठवलं, तिथं वापरायच्या चपला आणि पाण्याची बाटली बाहेर आणून दिली. माय घरी आली आणि चुलीपाशी बसली. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि माय घरात होती. तिनं माझ्या हातातून पीठ घेतलं आणि भाकरी थापायला लागली. मला बरं वाटलं. मायचं काम सुटलं होतं, तिकडं पोरगी एकटी पडली होती, आणि मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

बाराच्या सुमाराला माय उठली, डोक्यावर ओला टॉवेल टाकला आणि बाहेर गेली. मला वाटलं काम शोधायला. ती गेली जिनिंगच्या आवारात, सरकीच्या रिकाम्या ओट्यावर चढली आणि उभी राहिली. तिथून शेठच्या घराची गच्ची समोर दिसते, आणि गच्चीवरून, घरातल्या मागच्या खिडक्यांतूनही, ओटा दिसतो. तीन वाजेपर्यंत ती तिथं उभी होती, लपून नाही, मधोमध. दुसऱ्या दिवशीही. सीझन संपला होता, जिन बंद होतं, आवारात चिटपाखरू नव्हतं. एकदा शेठाणी खिडकीत आली, पाहिलं, पडदा ओढला. बाबा म्हणाले, "काऊन उभी राह्यतं वो? काम जाईन माह्यं बी." माय म्हणाली, "जागा मालकाची असन. डोये माहे हायेत." चौथ्या दिवशी बाबा तिच्यासाठी मडक्यातलं पाणी घेऊन गेले. बाबांचं काम गेलं नाही. का नाही गेलं, मला माहीत नाही. शेठ दोन-तीनदा मोटार थांबवून ओट्याकडं पाहून गेला. पाऊस पडेपर्यंत माय रोज तिथं गेली, आणि पाऊस पडेपर्यंत मैना एकदाही गच्चीवर दिसली नाही. त्या लेकराची कोणी चौकशी केली असेल तर ती एवढीच.

मी जेवायला बोलवायला जायची. ओट्याचा फरशीदगड चपलेतूनही भाजायचा. "येतो, थांब," माय म्हणायची आणि यायची नाही, मग मीही वर चढून तिच्या मागं उभी राहायची, टॉवेल वाळला की ओला करून द्यायची. तिच्या मानेवर घामोळं उठलं होतं. माय पापणी न हलवता गच्चीकडं पाहायची, आणि मी तिच्या मागं उभी राहून तेवढा वेळ मायकडंच पाहत राहायची.